रविवारच्या सुटीचे जनक : नारायण मेघाजी लोखंडे

खास प्रतिनिधी

आठवड्यातून एक दिवस हक्काची सुटी मिळते, ठरलेल्या तारखेला पगार मिळतो आणि कामावर दुखापत झाली तर भरपाई मागता येते, या गोष्टी आज नोकरदार माणसाला इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या कधीकाळी कुणी मागून घेतल्या होत्या याचे स्मरणही राहिलेले नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या, कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेल्या हजारो माणसांच्या वतीने ही मागणी प्रथम संघटितपणे मांडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. परंतु त्यांच्या कार्याचा विचार करताना एक बाब सहसा नजरेआड होते. लोखंडे यांनी मांडलेल्या मुख्य मागण्यांमध्ये पगारवाढीची मागणी नव्हती. त्यांनी मागितली ती निश्चिती. काम किती वाजता सुरू होईल, किती वाजता संपेल, पैसे कधी मिळतील, विसावा केव्हा मिळेल आणि हात-पाय गमावला तर घरच्यांचे काय होईल, हे कामगाराला आधी ठाऊक असले पाहिजे, एवढाच त्या मागण्यांचा गाभा होता. परगावाहून आलेल्या कामगाराचे मन कशाने पोखरले जाते, हे ओळखणाऱ्या माणसाच्या या मागण्या होत्या.

ठाण्यातून मांडवीत

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. शाळेचे शिक्षण झाल्यावर त्यांनी प्रथम रेल्वेत आणि नंतर टपाल खात्यात नोकरी केली. पुढे मुंबईत मांडवी येथील एका कापड गिरणीत त्यांना कोठीवाल्याची, म्हणजे स्टोअरकीपरची जागा मिळाली. ही नोकरी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. कोठीवाला हा ना साच्यावर उभा राहणारा कामगार असतो, ना मालकाच्या गादीजवळ बसणारा माणूस. गिरणीत येणारा माल, जाणारा माल, मोडलेले यंत्राचे भाग, कामावर आलेली आणि न आलेली माणसे हे सारे त्याच्या नजरेसमोरून जाते. लिहिता-वाचता येणारा, हिशेब समजणारा आणि तरीही कामगारांच्याच जातीपातींतून आलेला असा माणूस त्या काळी गिरणीत दुर्मीळच होता.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये केली. त्यानंतरच्या तीस वर्षांत ताडदेव, भायखळा, परळ, लालबाग या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. दख्खनमध्ये १८७६ ते १८७८ या काळात भीषण दुष्काळ पडला आणि घाटावरची कित्येक कुटुंबे मुंबईच्या वाटेला लागली. कोकणात जमीन अपुरी आणि खाणारी तोंडे अधिक. रत्नागिरी जिल्ह्यातून आगबोटीने मुंबईस येणाऱ्यांची रीघ त्यापूर्वीच लागली होती. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७ लाख ७३ हजारांवर होती आणि त्यांतील लाखाहून अधिक माणसे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. मुंबई चालविणारी माणसे मुंबईबाहेरची होती, ही वस्तुस्थिती तेव्हापासूनची आहे.

अनिश्चिततेचे जिणे

या माणसांचे जिणे कसे होते, हे समजून घेतल्याखेरीज लोखंडे यांच्या मागण्यांचे मोल कळणार नाही. गिरणीत भरती होई ती जॉबरच्या हातून. जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम. बायकांच्या खात्यावर नायकीण असे. कामावर घेणे, कामावरून काढणे, रजेवर गेलेल्याच्या जागी दुसरा उभा करणे, हे सारे त्याच्या मर्जीवर चाले. त्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. पुष्कळदा तोच गावाकडचा असे, तोच राहण्याची सोय करून देई आणि तोच व्याजाने पैसेही देई. त्यामुळे नोकरी, निवारा आणि कर्ज ही तिन्ही एकाच माणसाच्या मुठीत असत. त्याची गैरमर्जी झाली तर तिन्ही एकदम जात.

कामाची वेळ घड्याळावर नव्हे तर सूर्यावर ठरे. उजाडले की गिरणी सुरू आणि अंधारले की बंद. हिवाळ्यात साधारण अकरा तास आणि उन्हाळ्यात तेरा तासांहून अधिक काम होई. घरी घड्याळ नसलेली माणसे भोंगा चुकेल या धास्तीने मध्यरात्रीनंतर उठून बसत. उशीर झाला तर दंड. सूत खराब निघाले तर दंड. आठवड्याची सुटी नव्हती. सणावारी वर्षाकाठी मोजके दिवस गिरणी बंद राही आणि रविवारी बंद राहिली तरी यंत्रे पुसण्या-झाडण्यासाठी कामगारांना यावेच लागे.

पगार महिन्याचा, परंतु तो महिना संपल्यावर हाती पडण्यास पुढचा महिना अर्धाअधिक उलटून जाई. म्हणजे नव्याने आलेल्या माणसाला पहिले दीड-दोन महिने उधारीवरच काढावे लागत. वाण्याची उधारी, खाणावळवालीची उधारी आणि सावकाराचे व्याज यांतच त्याच्या मुंबईतील आयुष्याला सुरुवात होई. शिवाय गिरणीकडे कायम महिन्याभराची मजुरी अडकून राही. गावाकडे आई आजारी पडल्याचा निरोप आला तरी ही मजुरी सोडून जावे की थांबावे, असा पेच पडे. बायका-मुले बहुधा गावीच. शहरात एका गाळ्यात दहा-बारा पुरुषांनी आळीपाळीने पाठ टेकायची आणि मनीऑर्डरीतून संसार चालवायचा, असा तो प्रकार होता.

मानसिक आरोग्य हा शब्द त्या काळी मराठीत नव्हता. कामगाराच्या मनाची नोंद घेणारे दप्तरही नव्हते. गिरणी कामगार दारू फार पितात, विनाकारण रजा घेतात, वारंवार गावी पळतात, अशी तक्रार मात्र मालकवर्ग सतत करीत असे. या तक्रारींकडे आज पाहिले तर त्यांत कामगारांच्या आळसापेक्षा थकव्याच्या आणि एकटेपणाच्या खुणाच अधिक दिसतात. लोखंडे यांनी नेमकी हीच बाजू पुढे आणली.

'दीनबंधू'चे संपादक

लोखंडे यांच्या विचारांची जडणघडण महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजात झाली. फुले यांनी पुण्यास २४ सप्टेंबर १८७३ रोजी हा समाज स्थापन केला होता. समाजाचे कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधू' हे पत्र सुरू केले. आर्थिक ओढगस्तीमुळे ते चालविणे अवघड झाले, तेव्हा १८८० मध्ये ते मुंबईस आणून लोखंडे यांनी त्याची धुरा स्वीकारली आणि पुढील सतरा वर्षे, म्हणजे अखेरपर्यंत, ती वाहिली. शेतकरी आणि कामगार यांचे प्रश्न मांडणारे हे पत्र बहुजन समाजाचा आवाज बनले. गिरणीतील कामाचे तास, दंड, अपघात, बायकांचे आणि मुलांचे हाल या विषयांना त्यापूर्वी मराठी वृत्तपत्रांत अशी जागा मिळाली नव्हती.

फुले आणि लोखंडे यांच्यात सारेच आलबेल होते असे मात्र नाही. फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकाचे पहिले दोन भाग 'दीनबंधू'ने छापले आणि पुढचे छापण्याचे थांबविले. सरकारच्या रोषाची भीती हे त्यामागील कारण असावे. फुले यांना ही गोष्ट खटकली आणि त्यांनी आपली नाराजी लपविली नाही. लोखंडे हे स्वभावाने नेमस्त होते. अर्ज, सभा आणि साक्षी ही त्यांची साधने होती. गुरूचा प्रखरपणा त्यांच्यात नव्हता. परंतु एकदा हाती घेतलेला अर्ज तडीस नेण्याची चिकाटी होती. मतभेद होऊनही हे नाते तुटले नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यातील सभेत जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी अर्पण करण्यात आली, तेव्हा त्या सोहळ्याच्या पुढाकारात लोखंडे होते.

पाच मागण्या

भारतातील पहिला कारखाना कायदा १८८१ मध्ये झाला. त्यात केवळ मुलांचा विचार होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढीच त्याची मजल. मोठ्या माणसांच्या, बायकांच्या वाट्याला त्यातून काहीही आले नाही. या कायद्याचा फेरविचार करण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये एक आयोग नेमला. आयोगापुढे मालक बोलणार, डॉक्टर बोलणार, अधिकारी बोलणार हे उघड होते. कामगारांच्या वतीने कोण बोलणार, हा प्रश्न होता.

लोखंडे यांनी त्याच वर्षी 'बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन' ही संस्था उभी केली. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळ भागात सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. तीन दिवसांनी, २६ सप्टेंबरला, पुन्हा सभा झाली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. सही करता न येणाऱ्यांची संख्याच त्यांत मोठी असणार, हे वेगळे सांगावयास नको. जॉबरच्या मर्जीवर नोकरी टिकविणाऱ्या माणसाने मालकाविरुद्धच्या कागदावर नाव घालणे, हे त्या काळी सोपे नव्हते.

निवेदनात पाच मागण्या होत्या. पहिली, सर्व कामगारांना दर रविवारी सुटी मिळावी. दुसरी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. तिसरी, गिरणीचे काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावे. चौथी, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. पाचवी, कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या निर्वाहाची तरतूद करावी.

या मागण्या आज वाचताना त्यांचा संयम नवल वाटावा असा आहे. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतचा दिवस म्हणजे अकरा-बारा तासांचा दिवस. तोही लोखंडे यांनी मान्य केला होता. त्यांचा आग्रह एवढाच, की पहाटेची अनिश्चितता संपावी. भोंगा साडेसहालाच होणार हे ठरले की माणसाला झोपेचा हिशेब करता येतो. १५ तारखेला पैसे येणार हे ठरले की वाण्याला शब्द देता येतो, गावी पैसे कधी पाठवायचे हे कळविता येते आणि सावकाराच्या दारात कमी वेळा जावे लागते. रविवार आपला हे ठरले की गावकऱ्यांकडे, देवाला, भजनाला जाता येते. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून लोखंडे यांनी तो मागितला, असेही सांगितले जाते. ते काही असो. उरलेले सहा दिवस सोसण्याचे बळ देणारा एक दिवस त्यांना कामगारासाठी हवा होता.

दोन्हीकडून विरोध

हा लढा एकट्या मालकांशी असता तर गोष्ट सरळ होती. परंतु कारखाना कायद्यामागे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबाव होता. मुंबईचे स्वस्त सूत त्यांच्या धंद्याला जाचू लागले होते आणि इथल्या कामाच्या तासांवर मर्यादा आली तर ती त्यांना हवीच होती. त्यामुळे मुंबईचे गिरणीमालक आणि त्यांच्याबरोबर राष्ट्रीय बाण्याची वृत्तपत्रेही कारखाना कायद्याला विरोध करीत. हा कायदा म्हणजे देशी उद्योग बुडविण्याचा विलायती डाव, अशी त्यांची भूमिका होती. पुण्याच्या 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांचा सूरही असाच होता.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. लँकेशायरला परळच्या कामगाराचा कळवळा आला होता, असे मानण्याचे कारण नाही. पण देशी उद्योग वाचला पाहिजे, या घोषात उद्योग चालविणाऱ्या माणसाची झोप, पाठ आणि संसार यांचा हिशेब कुणीच मांडत नव्हते. लोखंडे यांना या कोंडीतून वाट काढायची होती. कायद्याला पाठिंबा द्यावा तर देशद्रोहाचा ठपका, विरोध करावा तर कामगाराशी प्रतारणा. त्यांनी कामगारांची बाजू सोडली नाही. या कामी सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या सहृदय पारशी गृहस्थांचे साहाय्य त्यांना लाभले. बंगाली यांनी कारखाना कायद्यासाठी १८७० च्या दशकातच खटपट सुरू केली होती.

महालक्ष्मीची सभा

निवेदने गेली, आयोगाचा अहवाल आला, तरी वर्षे उलटत राहिली. अखेर २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर लोखंडे यांनी सभा बोलावली. सुमारे दहा हजार कामगार तिथे जमले. दोन कामगार स्त्रियांनी या सभेत भाषणे करून साप्ताहिक सुटीची मागणी केली. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत गिरणीत राबणारी बाई हजारो पुरुषांसमोर उभी राहून बोलते, ही घटना अपूर्व होती. पहाटे घरचे आवरून दिवस उजाडता गिरणीत, अंधारले की पुन्हा चुलीपुढे, असा ज्यांचा दिवस होता त्यांच्या दृष्टीने रविवारचा अर्थ पुरुषांहून वेगळा आणि अधिक निकडीचा होता.

या सभेचे निवेदन गिरणीमालक संघाकडे गेले. १० जून १८९० रोजी मालकांनी दर रविवारी सुटी देण्याचे मान्य केले. संप न होता, दगड न उचलला जाता, सभा आणि सह्या यांच्या बळावर मुंबईच्या गिरणी कामगाराने हा दिवस मिळविला. त्याच वर्षी भारत सरकारने कारखाना कामगार आयोग नेमला आणि मुंबईतील कामगारांचे प्रतिनिधी म्हणून लोखंडे यांना त्याच्या कामात स्थान मिळाले. कोठीत हिशेब लिहिणारा माणूस सरकारी आयोगाच्या मेजापाशी बसला.

१८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी आणि दुपारचा अर्धा तास या दोन गोष्टी सर्वांना दिल्या. स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणि मुलांचे सात तासांवर आणले. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा घातली नाही. लोखंडे यांच्या उरलेल्या मागण्या कायद्यात उतरण्यास किती काळ लागला, हे पाहण्यासारखे आहे. कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११ मध्ये आली. जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला. पगार ठरलेल्या तारखेच्या आत देण्याचे बंधन वेतन प्रदान कायद्याने घातले ते १९३६ मध्ये, म्हणजे सुपारीबागेतील सभेनंतर बावन्न वर्षांनी.

चळवळीच्या मर्यादा

लोखंडे यांच्या संस्थेला आजच्या अर्थाने कामगार संघटना म्हणता येईल काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तिला नियमावली नव्हती, वर्गणीदार सभासद नव्हते, संपासाठी निधी नव्हता. ती बहुतांशी लोखंडे यांच्या नावावर आणि 'दीनबंधू'च्या बळावर उभी होती आणि त्यांच्यानंतर ती टिकली नाही. हा दोष खरा आहे. पण आज आहे तर उद्या गावी, आज या गिरणीत तर उद्या त्या, अशा माणसांची संघटना बांधणे म्हणजे वाहत्या पाण्यावर घर बांधणे होते. ज्या अनिश्चिततेविरुद्ध लढायचे तीच अनिश्चितता संघटनेच्या मुळावर येत होती. हा पेच पुढच्या काळातील नेत्यांनाही सुटला नाही आणि आजच्या कंत्राटी कामगारांच्या संघटनांपुढेही तोच उभा आहे.

गिरणीच्या दारापलीकडेही लोखंडे यांची नजर होती. दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी लिहिले. विधवांच्या केशवपनाला नकार द्यावा म्हणून १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांना त्यांनी संघटित केले. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल उसळली. गिरणगावातील कामगारही तीत ओढले गेले. एका गाळ्यात गावकी आणि जात धरून राहणाऱ्या, शहरात अन्य आधार नसलेल्या माणसांत अफवा वणव्यासारख्या पसरतात, याचा तो अनुभव होता. दंगल शमविण्यासाठी लोखंडे वस्त्यांतून फिरले आणि राणीच्या बागेत त्यांनी सलोख्याचा मोठा मेळावा भरविला. हजारोंच्या संख्येने लोक आले. पुढे सरकारने त्यांना 'रावबहादूर' हा किताब दिला.

प्लेगाचे दिवस

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत, लोखंडे यांनी जिथे कोठीवाल्याची नोकरी केली त्याच भागात, डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगाचे रुग्ण आढळले. पुढच्या चार महिन्यांत मुंबईने जे पाहिले त्याची आठवण २०२० मध्ये अनेकांना झाली. घरे रिकामी करणे, रुग्णांना बळजबरीने इस्पितळात नेणे, सामानाची जाळपोळ, धुराच्या फवारण्या हे सुरू झाले. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याला मुद्दाम मारतात, अशा अफवा उठल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. अडाण्यांचा दंगा, असे त्याचे वर्णन तेव्हा झाले. परक्या शहरात, घरच्यांपासून दूर, उद्याच्या कामाची शाश्वती नाही आणि मेल्यावर आपल्याला कोण अग्नी देणार हेही ठाऊक नाही, अशा माणसांच्या भीतीचा तो उद्रेक होता, हे त्या वर्णनात आले नाही.

मग पलायन सुरू झाले. आगबोटी भरल्या, आगगाड्या भरल्या, माणसे घाटाच्या वाटेला पायी लागली. १८९१ मध्ये ८ लाख २१ हजार लोकवस्तीच्या या शहरातून फेब्रुवारी १८९७ पर्यंत पावणेचार लाखांहून अधिक माणसे निघून गेली होती. गिरण्यांना माणसे मिळेनात. एरवी महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात देणारे मालक आता रोजच्या रोज मजुरी देऊ लागले, आणि नाक्यानाक्यावर मजुरांसाठी चढाओढीने बोली लागू लागली. वेळेवर पैसे देणे अशक्य आहे, असे जे बारा वर्षे सांगितले जात होते ते काही आठवड्यांत शक्य झाले.

लोखंडे गेले नाहीत. त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते आणि ठाणे जवळच होते. आजाऱ्यांची सेवा, त्यांच्यासाठी रुग्णालय उभारण्याची खटपट आणि घाबरलेल्या वस्त्यांना धीर देणे यांत ते गुंतले होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा मंजूर केला. त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्लेगानेच नारायण मेघाजी लोखंडे यांचा मृत्यू झाला. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले याही त्याच रोगाला बळी पडल्या.

वारसा

लोखंडे यांच्या नावाने आज मुंबईत परळ येथे राज्य शासनाची महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे. टपाल खात्याने २००५ मध्ये त्यांचे तिकीट काढले. ज्या खात्यात त्यांनी उमेदवारीच्या काळात नोकरी केली, त्याच खात्याने त्यांना दिलेली ही मानवंदना होय. गिरण्या मात्र राहिल्या नाहीत. १९८२ च्या संपानंतर त्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. तिथे पहारा देणारे, सफाई करणारे, जेवणाची पाकिटे पोहोचविणारे बहुतेकजण परगावचेच असतात. ठेकेदार बदलला की नोकरी जाते. दुचाकीवरून खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या तरुणाला आजची कमाई किती होईल हे रात्रीपर्यंत कळत नाही. मजूर नाक्यावर उभ्या राहणाऱ्याला सकाळी नऊ वाजेपर्यंत कळत नाही, की आज काम आहे की नाही. बीडहून निघणारे ऊसतोड जोडपे उचल घेऊनच हंगामाला सुरुवात करते. म्हणजे तेही उधारीनेच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा महाराष्ट्रात जो साथरोग कायदा लागू करण्यात आला तो १८९७ चाच होता. त्यानंतरच्या आठवड्यांत शहरे सोडून पायी निघालेल्या लोकांचे तांडे साऱ्या देशाने पाहिले. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर विसावलेले सोळा परप्रांतीय मजूर मालगाडीखाली सापडून ठार झाले. ते जालन्याहून भुसावळकडे निघाले होते.

अस्थिर नोकरी, अपुरा मोबदला आणि कामाचे अतिदीर्घ तास यांचा माणसाच्या मनावर थेट परिणाम होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत नमूद केले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये देशात १ लाख ६४ हजार ३३ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत ४२ हजार ४ जण रोजंदारीवर काम करणारे होते. चारांत एक, असे हे प्रमाण आहे. प्रत्येक आत्महत्येमागे अनेक कारणे असतात आणि तिचा दोष एका गोष्टीवर टाकणे योग्य नव्हे. तरीही समुपदेशनाच्या सोयी, दूरध्वनीवरील मदत आणि योगवर्ग यांच्या चर्चेत १८८४ च्या त्या पाच मागण्यांची आठवण ठेवावयास हवी. कामाची ठरलेली वेळ, ठरलेल्या दिवशी पैसे, हक्काचा विसावा आणि अपघातानंतरचा आधार या गोष्टी मनाला स्थैर्य देतात, हे लोखंडे यांनी मानसशास्त्राचे कोणतेही पुस्तक हाती नसताना जाणले होते.

कायद्याच्या पुस्तकांत त्यांच्या पाचही मागण्या आज कोणत्या ना कोणत्या रूपाने आहेत. सुपारीबागेत जमलेल्या माणसांची नातवंडे-पतवंडे मात्र पुष्कळदा कायद्याच्या कक्षेबाहेरच्या कामावर आहेत, आणि त्यांच्यातील अनेकांना रविवारची सुटी आजही मिळत नाही.